मोहन बागान, पुणे आणि 'सुपर जायंट'

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळं पुण्यात. 'सुपर जायंट' हे नाव आम्हा पुणेकरांना नवं नाही. २०१६ मध्ये आयपीएलमध्ये 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' आली. पुढच्या वर्षी मालकांनी शेवटचा 'स'च काढून टाकला! २०१७ ची फायनल एका धावेनं गेली, दोन वर्षांची मुदत संपली, संघही संपला. मला हळहळ वाटली ती त्या एका धावेची. नावाची नाही.

तेच मालक, संजीव गोएंका. २०२० मध्ये त्यांच्या समूहानं मोहन बागानच्या फुटबॉल संघात ८० टक्के वाटा घेतला आणि संघाचं नाव झालं 'एटीके मोहन बागान'.

हा क्लब १८८९ चा. उत्तर कोलकात्यातल्या ज्या बागेत पोरं खेळायची, त्या बागेचंच नाव क्लबला मिळालं. २९ जुलै १९११ ला शिबदास भादुरींच्या संघानं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते.

मालकांची बाजूही ऐकू. पैशाशिवाय संघ चालत नाही. हिरवा-मरून रंग आणि शिडाची नाव त्यांनी राखली. आणि १९९८ मध्ये 'मॅकडॉवेल मोहन बागान' झालंच होतं की! मग आताच एवढा राग का?

कारण मॅकडॉवेल हा प्रायोजक होता. एटीके हा त्याच शहरातला, २०१४ मध्ये जन्मलेला दुसरा क्लब. सव्वाशे वर्षांच्या म्हाताऱ्यानं सहा वर्षांच्या पोराचं आडनाव लावायचं, तेही आपल्या नावाच्या आधी?

चाहत्यांनी 'रिमूव्ह एटीके'चा धोशा लावला. १८ मार्च २०२३ ला गोव्यात, फातोर्ड्याला, बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून संघानं आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री गोएंकांनी एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. नवं नाव? 'मोहन बागान सुपर जायंट'. म्हणजे पुण्यात वापरून झालेली पाटी तिकडं लागली. पण निदान मागं लागली. पहिला शब्द पुन्हा मोहन बागान झाला. याला मी अर्धा विजय म्हणेन.

आमच्या कोल्हापुरात संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. नाव ऐकलं की माणूस कुठल्या भागातला ते कळतं. उद्या कुणी शंभर कोटी घेऊन आला आणि म्हणाला, "फक्त नावाच्या आधी आमचं नाव लावा," तर काय करायचं?

कोल्हापूरकरांनो, खरं सांगा. पैसे घ्याल का?