पीक राखणीसाठी बंदूक: परवाना कोणता, काडतूस कोणतं, अंतर किती?

तूर, मका, हरभरा, भुईमूग, काहीही पेरा. डुकरांचा कळप एका रात्री वावरात शिरला की सकाळी बघवत नाही. खातात थोडं, तुडवतात आणि उकरतात जास्त. रोह्यांचं तेच. झटका मशीन, साड्यांचं कुंपण, फटाके, भोंगा असं सगळं करून शेतकरी थकतो आणि मग बंदुकीचा विषय निघतो.

त्यात हल्ली मोबाईलवर बाहेरदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ येतात. दुर्बीण लावलेली रायफल, पाचशे मीटरवर उभं जनावर, एक गोळी आणि जागेवर आडवं. जागलीला जाणारी पोरं विचारतात की अशी रायफल आपल्याला मिळत नाही का? पीक राखणीच्या परवान्यात ती बसत नाही. आणि मिळाली तरी आपल्या शिवारात ती धोक्याचीच आहे. का, ते खाली सविस्तर दिलं आहे.

आधी दोन वेगळे कागद समजून घ्या

बरेच जण इथंच अडकतात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे.

पहिला कागद शस्त्र परवान्याचा. तो शस्त्र अधिनियम 1959 खाली जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात.

दुसरा कागद वन विभागाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे. पण कलम 11 मध्ये वाट ठेवली आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारण नमूद करून देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी सुरुवात आपल्या वनक्षेत्रपाल कार्यालयापासून करा. तोंडी "मारा, आम्ही बघू" याला काही किंमत नाही.

1 एप्रिल 2023 पासून कायद्याच्या याद्या बदलल्या. रानडुक्कर आणि रोही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट, मोर, बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पीक खाल्लं म्हणून पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यावर बार काढता येत नाही, त्याची शिक्षाही मोठी आहे. विनापरवानगी डुक्कर मारलं तरी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पीक राखणीच्या परवान्यात काय बसतं?

शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये हे सरळ लिहिलं आहे. पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची, म्हणजे काडतुसाची बंदूक मिळू शकते. तिची नळी 20 इंचांपेक्षा कमी नको. आपल्याकडे ही बंदूक म्हणजे 12 बोअर, एकनळी किंवा दोननळी.

रायफल यात नाही. नळीच्या आत आटे असतात ती रायफल. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते.

अर्ज ऑनलाइन होतो. वय 21 पूर्ण पाहिजे. सातबारा, ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा कागद तयार ठेवा. पिकाच्या नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर ते नक्की जोडा. बंदुकीची गरज त्यावरूनच दिसते. पुढं पोलीस चौकशी होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना 5 वर्षांचा झाला आहे.

लांब पल्ल्याची रायफल कशासाठी असते?

व्हिडिओत दिसणारी काडतुसं बहुतेक .308 विंचेस्टर, 6.5 क्रीडमूर, 7 एमएम रेमिंग्टन मॅग्नम किंवा .300 विंचेस्टर मॅग्नम असतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरात जनावर लांबूनच माणसाला बघतं, जवळ जाताच येत नाही. त्यासाठी ही काडतुसं.

तिथंही ते व्हिडिओइतकं सोपं नाही. .308 ची रायफल 100 मीटरवर जुळवली, तर 300 मीटरवर तिची गोळी साधारण हातभर खाली पडते आणि 400 मीटरवर जवळपास मीटरभर. वरून आडवा वारा गोळीला बाजूला ढकलतो. म्हणून ते लोक अंतर मोजायचं यंत्र, वाऱ्याचा अंदाज आणि दिवसा उजेडातला भरपूर सराव यावर भिस्त ठेवतात. आपलं डुक्कर येतं रात्री, तुरीच्या ओळीत, आणि दिसतं ते वीस-तीस मीटरवर.

खरा प्रश्न चुकलेल्या गोळीचा आहे. मोठ्या रायफलची गोळी तीन-चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. छोट्या .22 रायफलची गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटर जाते. आपल्या शिवारात तेवढ्यात काय येतं ते मोजा. शेजाऱ्याची जागल, ओलिताला गेलेला माणूस, गोठा, वस्ती, रस्ता, कधी कधी पुढचं गाव.

काही घरांत .315 बोअरची रायफल आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ही रायफल भारतात चांगली ओळखीची आहे. 8 मिलिमीटरची जड गोळी डुकराला भरपूर होते, पण वरचा धोका तिलाही लागू आहे. सपाट वावरात, मागे टेकडी किंवा उंच बांध नसताना ती वापरू नका.

12 बोअरमध्ये कोणतं काडतूस?

12 बोअरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. आत काय भरलंय त्यावर सगळं ठरतं.

– बारीक छर्रा (4, 6, 8 नंबर): पाखरांसाठीचा. डुकराच्या कातडीत अडकतो, जनावर फक्त जखमी होतं. वापरू नका.
– एसजी आणि एलजी: मोठे, मोजके छर्रे. एलजीचा छर्रा एसजीपेक्षा मोठा. 20 ते 30 मीटरपर्यंत काम चांगलं. पुढं छर्रे पसरतात आणि एखाददुसराच लागतो.
– एकच गोळी (स्लग किंवा बॉल): नेम पक्का असेल तर 50 मीटरच्या आसपास. रात्री त्याहून कमीच धरा.

मोठा छर्राही चुकला तर पाच-सातशे मीटर जाऊ शकतो आणि स्लग किलोमीटरभर. रायफलपेक्षा हे कमी आहे, पण बिनधोक नाही.

एअरगनच्या नादी लागू नका. तिच्यानं डुक्कर मरत नाही, नुसतं चवताळतं.

मचाण का बरं?

याचा हिशोब सोपा आहे. माणूस जमिनीवर उभा राहून 100 मीटरवरच्या डुकरावर नेम धरतो. बंदूक सव्वा मीटर उंचीवर, डुकराचं अंग अर्धा मीटर उंचीवर. गोळी चुकली तर डुकराच्या मागे साठेक मीटर गेल्यावर जमिनीला लागते, तीही घासून, आणि तिथून उसळून पुढं जाते.

आता तोच माणूस मचाणावर बसला. बंदूक साडेतीन मीटरवर आणि डुक्कर 25 मीटरवर. चुकलेली गोळी चार-पाच मीटरमागेच मातीत शिरते. म्हणून उंचावरून आणि जवळून मारायचं. जनावर आडवं उभं राहू द्या, पुढच्या पायाच्या मागे नेम धरा, आणि मागे माती दिसत नसेल तर बार काढू नका.

बंदूक घेताना आणि वापरताना

1. खरेदी परवानाधारक दुकानातूनच. जुनी बंदूक असेल तर नळीला पोचा, गंज, सांध्यात ढिलेपणा आहे का ते जाणत्या कारागिराला दाखवा.
2. जुन्या बंदुकीची काडतूस बसायची जागा 65 मिलिमीटरची असू शकते. आजची बरीच काडतुसं 70 ची आहेत. मोठं काडतूस त्यात बसल्यासारखं वाटतं, पण दाब वाढून बंदूक फुटू शकते.
3. 20 बोअरचं काडतूस 12 बोअरच्या जवळ ठेवू नका. ते नळीत घसरून अडकतं. मागून दुसरा बार काढला की नळी फाटते.
4. चिखलात, पावसात बंदूक टेकली असेल तर आधी रिकामी करून नळीतून आरपार बघा.
5. धुरा ओलांडताना, मचाणावर चढताना काडतूस बाहेर. बंदूक दोरीनं वर ओढायची तीही रिकामीच.
6. नुसत्या आवाजावर, हलणाऱ्या तुरीवर किंवा चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढायचा नाही. डुक्कर समजून माणूस मारला गेल्याच्या बातम्या अशाच घडतात. आज कोण कोण जागलीला आहे, कुठं बसलंय, हे संध्याकाळीच फोनवर विचारून घ्या.
7. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. मजुराला, पाहुण्याला द्यायची नाही. वडील वारले तर त्यांची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून आपल्या नावानं अर्ज करावा लागतो. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला तर 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

डुक्कर पडल्यावर

मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. मटण वाटून घेणं हा गुन्हा आहे, मग परवानगी असली तरी. वनरक्षकाला कळवा, पंचनामा होऊ द्या आणि कागदाची प्रत जपून ठेवा. डुक्कर जखमी होऊन पळालं तर अंधारात एकट्यानं मागे जाऊ नका. जखमी डुक्कर थेट अंगावर येतं. वन विभागाला कळवून, उजाडल्यावर चार माणसं मिळून शोध घ्या.

परवाना मिळायला वेळ लागतो म्हणून कुणी कुंपणात थेट लाईटची तार सोडतं. त्यात डुकराआधी घरचाच माणूस, शेजारी किंवा बैल सापडतो, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. परवान्याचं काम चालू असेपर्यंत दर नुकसानीची तक्रार वन विभागाकडे लगेच करा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई त्यावरच मिळते, आणि पुढं बंदुकीच्या अर्जाला तेच कागद लागतात.