थ्रेड : प्लगच्या टोकावरची काजळी

ताम्रपट, शिलालेख, बखरी, मोडी दप्तरे ही इतिहासाची मान्य साधने. मोटारीच्या स्पार्क प्लगला या पंगतीत कुणी बसवत नाही. तरीही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या गाड्यांत नेमके काय जळत होते, याची नोंद प्लगच्या टोकावर उमटत असे. ती वाचता येणारी माणसे जालन्यासारख्या शहरांत प्रत्येक गॅरेजमध्ये बसलेली होती.

आधी वस्तूविषयी थोडेसे. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेनॉरने विजेच्या ठिणगीने वायू पेटवणारे इंजिन चालवले. पण आजच्या प्लगची खरी सुरुवात १९०२ ची. स्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून प्लग सिद्ध केला. मूळ कल्पना तेव्हापासून बदललेली नाही. चिनीमातीच्या नळीतून हजारो व्होल्टची वीज खाली येते आणि मिलिमीटरभराहूनही कमी फटीवरून उडी मारते. ती उडी चुकली की त्या सिलिंडरमधले पेट्रोल वाया जाते. आपल्याकडच्या मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते.

महाराष्ट्रातल्या कुटुंबाची मोटार म्हणजे दीर्घकाळ फियाट. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट ११०० पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, सिलिंडर चार, प्लगही चार. १९५१ साली बंगळूरला ‘मायको’ उभी राहिली आणि प्लग देशातच बनू लागले. त्या नावाच्या पाट्या गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर झळकल्या. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. साहजिकच हाती असलेली गाडी जपणे हा घरचा संस्कारच झाला.

या जपणुकीत प्लग साफ करण्याला मोठे स्थान होते. इंजिन थंड होऊ द्यायचे. तारा काढण्यापूर्वी त्यांचा क्रम लक्षात ठेवायचा, कारण तारांची अदलाबदल झाली की ठिणगी भलत्याच सिलिंडरला भलत्याच वेळी पोहोचते. प्लगच्या खोबणीतली धूळ आधी फुंकून काढायची. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ही पायरी चुकवणे म्हणजे माती थेट सिलिंडरमध्ये ढकलणे. मग प्लग पान्याने प्लग सोडवायचा, पेट्रोल आणि ब्रशने पुसायचा, फिलर गेजने गॅप जुळवायचा. परत बसवताना आटे आधी हातानेच धरवायचे आणि पान्याचा हात अगदी शेवटी लावायचा.

पुसण्याआधी मात्र जाणता मिस्त्री प्लग उजेडात धरून पाही. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. पांढरेफटक असेल तर इंजिन तापते आहे. ओले, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. आणि कोरडी काळी काजळी असेल तर इंधन पुरते जळत नाही.

पेट्रोलमधल्या शिशाचाही थर प्लगवर बसे. १९२३ पासून अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले आणि ते जगभर पसरले. इंजिनातला खडखडाट त्याने थांबला. पण शिशाचा हा थर तापला की विजेला आडवाट मिळे आणि ठिणगी विझे. प्लग वारंवार साफ करावे लागत, त्याचे हे एक कारण. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. प्लगचे आयुष्य वाढले. मुलांच्या रक्तात जाणारे शिसे कमी झाले, ही त्याहून कितीतरी मोठी गोष्ट.

काजळीची कथा याहून काळी आहे. रेशनचे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेले होते. २०११ च्या सुरुवातीस ते लिटरला १५ रुपयांच्या आत, तर पेट्रोल ६० च्या वर होते. या तफावतीतून भेसळीचा धंदा फोफावला. रॉकेल पेट्रोलइतक्या सहज वाफ होत नाही. ते अर्धवट जळते आणि प्लगच्या चिनीमातीवर कार्बन साचतो. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून ठिणगी फटीपर्यंत पोहोचतच नाही.

अर्थात काळा प्लग हा संशय झाला, पुरावा नव्हे. कार्बुरेटर जास्त पेट्रोल सोडत असेल तरी टोक काळेच पडते. म्हणून मिस्त्री आधी कार्बुरेटर जुळवे, प्लग साफ करी आणि मालकाला दुसऱ्या पंपावर टाकी भरायला सांगे. काजळी गेली, तर दोष कुठे होता ते कळे. साधनाची चिकित्सा म्हणतात ती हीच.

जालन्याहून संभाजीनगरमार्गे जाणारी रेल्वे मनमाडला मिळते. त्या मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी आगारे आहेत आणि तिथून इंधनाचे टँकर निघतात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी याच परिसरात इंधनाची भेसळ चालू असताना पाहिली व ते तिचे चित्रण करू लागले. भेसळखोरांनी त्यांना भर दिवसा रॉकेल ओतून जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून निषेधात उतरले, ठिकठिकाणी धाडी पडल्या. जी गोष्ट गॅरेजमधल्या बाकड्यावर दबक्या आवाजात बोलली जाई, ती एका अधिकाऱ्याच्या मृत्यूने पहिल्या पानावर आली.

२०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर टप्प्याटप्प्याने वाढवला गेला आणि तफावत आटत गेली. दरम्यान गाड्याही बदलल्या. कार्बुरेटर जाऊन इंधन मोजून सोडणारे संगणक आले. इरिडियमचे प्लग साफ करायचे नसतात. घासले तर त्यांचे केसासारखे बारीक टोकच मोडते. कंपनीने सांगितलेले अंतर पुरे झाले की ते थेट बदलायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. काळा प्लग उजेडात धरून पाहण्याची ती सवय आता उरली आहे ती मुख्यतः जुन्या दुचाकींच्या दुकानांत.