गॅरेजात सोपवलेली गाडी : हक्क आणि जबाबदारी
बेळगाव-वेंगुर्ले मार्गावरील हिंडलग्यात दुरुस्तीसाठी दिलेल्या गाडीचा ताबा गॅरेजवाल्याकडे जातो. मालकी मात्र बदलत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यावी लागते. परवानगीविना गाडी खासगी कामासाठी फिरवताना नुकसान झाल्यास कलम १५४ प्रमाणे भरपाई देय ठरते, मग ती कितीही सांभाळून चालवलेली असो. मात्र ठरलेले काम पूर्ण केल्यावर, वेगळा करार नसल्यास, मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० त्याला देते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार खासगी गाडीचा गोमंतकीय मालक आपल्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्यासाठी गाडी सोपवतानाच किलोमीटरचा आकडा, इंधन व कामाचा तपशील लेखी घेणे हिताचे.