निकालाआधीचा निकाल : हमदान खटल्याच्या निमित्ताने

खटला या शब्दाच्या पोटात एक अनिश्चितता गृहीत धरलेली असते. शोकांतिका शिकविताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, नायकाचा अंत पहिल्या अंकातच ठरलेला असतो. रस असतो तो तिथवरच्या वाटचालीत. खटल्याचे नेमके उलट आहे. ज्याने न्यायालय बसविले त्यालाही शेवट ठाऊक नसावा, हीच खटल्याची पहिली अट. दहशतवादाच्या संशयितांवरील लष्करी खटले न्याय्य होते काय, या प्रश्नाकडे आम्ही याच अटीच्या बाजूने पाहू इच्छितो.

13 नोव्हेंबर 2001 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी एक लष्करी आदेश काढला. त्यानुसार दहशतवादाचा संशय असलेल्या परकीय नागरिकांवर लष्करी न्यायाधिकरणापुढे खटले चालणार होते. 11 जानेवारी 2002 रोजी पहिले 20 कैदी क्यूबातील ग्वांतानामो येथे आणले गेले. पुढे ही संख्या एकूण 780 च्या घरात गेली. त्यांपैकी फारच थोड्यांवर आरोप ठेवले गेले, हे आधीच नोंदवून ठेवू.

या कल्पनेला इतिहास होता, पण तो एकमुखी नव्हता. 1866 मध्ये मिलिगन प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, जेथे नागरी न्यायालये चालू आहेत तेथे सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालविता येत नाही. 1942 मध्ये मात्र घातपातासाठी किनाऱ्यावर उतरलेल्या आठ जर्मन हस्तकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने लष्करी न्यायाधिकरण वैध ठरविले. सहा जणांना 8 ऑगस्ट रोजी देहदंड झाला. न्यायालयाचा सविस्तर, सकारण निकाल बाहेर आला ऑक्टोबरअखेरीस! शिक्षा आधी आणि कारणे मागाहून, असा हा पूर्वाधार. बुश प्रशासनाने आधार घेतला तो याच निर्णयाचा.

सलीम अहमद हमदान हा येमेनी गृहस्थ ओसामा बिन लादेनचा मोटारचालक होता. 2001 च्या नोव्हेंबरात तो अफगाणिस्तानात पकडला गेला. त्याच्यासाठी जी नियमावली होती तिच्यानुसार आरोपीला व त्याच्या नागरी वकिलाला सुनावणीतून वगळता येत होते, आणि विरोधातला पुरावा त्यांच्यापासून कायमचा लपविता येत होता. त्याच्या बाजूने उभे राहिले ते नौदलातील वकील चार्ल्स स्विफ्ट आणि कायद्याचे प्राध्यापक नील कात्याल. 29 जून 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी ही न्यायाधिकरणे अवैध ठरविली. ती अमेरिकेच्या स्वतःच्या लष्करी कायद्याशी आणि जिनिव्हा करारांशी विसंगत होती. त्यानंतर थोड्याच अवधीत स्विफ्ट यांना बढती नाकारली गेली आणि नियमानुसार त्यांना नौदल सोडावे लागले.

सरकारने संसदेकडून त्याच वर्षी नवा कायदा करून घेतला, आणि 2008 च्या उन्हाळ्यात हमदानवर पुन्हा खटला उभा राहिला. येथे आम्हांला आमचाच पूर्वग्रह तपासावा लागतो. गणवेशातली माणसे सरकारला हवे तेच करतील, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लष्करी न्यायाधीशाने दडपणाखाली घेतलेले काही जबाब बाजूला ठेवले. ज्यूरीत बसलेल्या सहा अधिकाऱ्यांनी कटाच्या आरोपातून हमदानला मुक्त केले, केवळ दहशतवादास साहाय्य केल्याबद्दल दोषी धरले. सरकार पक्षाने किमान 30 वर्षे मागितली होती. अधिकाऱ्यांनी दिले 66 महिने. भोगलेली कैद वजा जाता उरले जेमतेम पाच महिने.

मग अन्याय कोठे होता? तो माणसांत नव्हता, रचनेत होता. शिक्षा संपल्यावरही, इतकेच नव्हे तर निर्दोष सुटला तरीही, 'शत्रुपक्षाचा लढवय्या' म्हणून आरोपीला डांबून ठेवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, ही सरकारची भूमिका होती. म्हणजे निकाल काहीही लागो, त्याने काहीच ठरणार नव्हते. हमदानला नोव्हेंबर 2008 मध्ये येमेनला पाठविले गेले हे खरे. पण तो सरकारचा निर्णय होता, निकालाने मिळालेला हक्क नव्हे. 2012 मध्ये अपील न्यायालयाने ती दोषसिद्धीही रद्द केली. ज्या कृत्याबद्दल शिक्षा झाली ते त्या काळी युद्धगुन्हा नव्हतेच!

आपण दूर बसून बोलतो आहोत, असे कोणी म्हणेल. पण मुंबईवरील 2008 च्या हल्ल्याचा खटला आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात, साध्या न्यायाधीशापुढे चालला. कसाबला फाशी झाली आणि त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. ती सुटका सर्वोच्च न्यायालयातही टिकली. यावरून फुशारकी मारण्याचे कारण नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानणारे टाडा आणि पोटा हे कायदे आपल्याच संसदेने केले होते.

11 सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणविणाऱ्या खालिद शेख मोहम्मदला 2003 मध्ये पकडले, गुप्त कोठडीत त्याचा छळ झाला. 2024 मध्ये त्याच्याशी झालेला कबुलीचा करार संरक्षणमंत्र्यांनी दोन दिवसांत मागे घेतला, आणि 2025 मध्ये अपील न्यायालयाने ते मागे घेणे ग्राह्य धरले. छळाने मिळविलेला पुरावा खटल्याच्या वाटेत आडवा पडला आहे. ज्यांची माणसे त्या दिवशी गेली, त्यांनाही निकाल मिळालेला नाही. आरोपीचा हक्क नाकारला की फिर्यादीचाही हक्क बुडतो, एवढे तरी या इतिहासाने आपल्याला शिकवावे.