पागा आणि शिलेदारी : मराठी राज्यातील वेतनवाटपाच्या दोन पद्धती

सेवकांचे वेतन संस्थेने आपल्याच कारकुनांकरवी माणशी मोजून द्यावे, की ठोक रक्कम एका मध्यस्थाच्या हाती ठेवून माणसे, त्यांची हजेरी आणि त्यांचा हिशेब त्याच्यावर सोपवावा, हा प्रश्न केवळ अर्वाचीन कार्यालयांपुढचा नाही. सतराव्या शतकातील मराठी राज्याला तो घोडदळाच्या संदर्भात पडला होता. त्याची दोन उत्तरे त्या काळी प्रचलित होती व दोन्ही नावांनिशी भाषेत उरली आहेत. एक पागा आणि दुसरे शिलेदारी.

शब्दांपासून आरंभ करणे येथे सोयीचे आहे. ‘पागा’ हा फारसी ‘पायगाह’ या शब्दाचा मराठी अवतार. अर्थ घोड्यांचा तबेला. हैदराबादच्या ‘पायगा’ सरदारांचे नावही याच शब्दावरून पडले. नादसादृश्यामुळे पागेचा संबंध ‘पगार’ या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो, परंतु तो निराधार आहे. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला आणि त्या भाषेतील त्याचा अर्थ ‘देणे चुकते करणे’ एवढाच. ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. ‘शिलेदार’ हा अरबी ‘सिलाह’, म्हणजे शस्त्र, या शब्दाला फारसी प्रत्यय लागून झालेला. घोडा आणि हत्यार स्वतःचे घेऊन येणारा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. तेव्हा दोन पद्धतींतील भेद मुळात मालकीचा आहे. घोडा ज्याचा, हिशेब त्याचा.

पागेचा हिशेब सरकारचा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांसाठी लिहिलेल्या बखरीत तिची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. या उतरंडीत लढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने मुजुमदारासारखे लेखनिक अधिकारीही नेमलेले आहेत, आणि त्यांचेही वेतन ठरवून दिलेले आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद धरला आहे, हा तपशील लहान असला तरी उद्बोधक आहे. वेतन घरच्या घरी वाटायचे म्हणजे केवळ नाणी मोजायची नव्हेत. पाणी, नाल, दाणा, वैरण यांचाही जमाखर्च आपल्या अंगावर घ्यायचा. चिपळूणनजीकच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले शिवाजी महाराजांचे जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यातील चिंता नेमकी हीच आहे. पावसाळ्यासाठी दिलेला दाणा-वैरणीचा साठा आधीच उधळला गेला तर घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांकडून धान्य-भाजी हिसकावू लागतील, आणि रयतेला यांच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. वाटपातील एका चुकीची किंमत राज्याच्या नावाला कशी मोजावी लागते, याचे इतके नेमके भान त्या काळच्या फारच थोड्या कागदांत आढळते.

शिलेदारीत हा सारा व्याप टळत असे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात शिवकालीन दर दिले आहेत. त्यांप्रमाणे बारगिराला दरमहा दोन ते पाच होन मिळत, शिलेदाराला सहा ते बारा. वरवर पाहता शिलेदार दुपटी-तिपटीने महाग. परंतु या फरकात घोड्याची खरेदी, त्याचे खाणे, त्याचे आजारपण आणि त्याचा मृत्यू, एवढे सगळे सामावलेले आहे. त्याखेरीज, मोहीम संपल्यावर शिलेदाराला निरोप देता येई. पागेतील घोड्याला देता येत नसे. राज्य लहान, खजिना अनिश्चित आणि लढाईचा हंगाम आठ महिन्यांचा असता शिलेदारी हा काटकसरीचा मार्ग वाटणे स्वाभाविक होते. शिलेदारीला प्रथमपासूनच अवनतीचे लक्षण मानणाऱ्या लेखकांनी हा हिशेब कधी मांडून पाहिलेला दिसत नाही.

शिवाजी महाराजांनीही शिलेदारी टाकली नाही. दोन्ही प्रकार त्यांच्या सैन्यात होते. सभासदाच्या लेखनातून जे धोरण दिसते ते असे की पागा बळकट ठेवावी आणि शिलेदारांना तिच्या हुकुमतीत वागवावे, म्हणजे कोणी पुंडाई करू धजणार नाही. म्हणजे बाहेरची माणसे घेण्यास हरकत नव्हती. मात्र त्यांना ताब्यात ठेवील एवढे घरचे बळ असणे ही त्याची अट होती. किल्ल्यांवर हीच सावधगिरी निराळ्या रूपाने दिसते. हवालदार, सबनीस आणि सरनोबत या तिघांच्या हाती मिळून किल्ला असे, हजेरीची पटे सबनिसाकडे आणि कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. एकट्याने यादीत खोटे नाव घुसडणे कोणालाच सोपे नव्हते. खोट्या नावांचा रोग जुनाच आहे. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देणे व स्वारांची चेहरेपट्टी लिहून ठेवणे सुरू केले ते याच रोगावर, आणि अकबराला तोच उपाय पुन्हा योजावा लागला.

रोख वेतनाचा मुख्य शत्रू मात्र लबाडी नव्हे, तर रोकडीची टंचाई. शिवकाळातही पुष्कळसे वेतन वरातींनी, म्हणजे महालांच्या वसुलावर काढलेल्या हुकुमांनी, चुकते केले जाई. (लग्नाची ‘वरात’ संस्कृतातून आली, ही अरबीतून, दोघींचे मराठीत एकच रूप झाले.) ‘तनखा’ या शब्दाची गती याहून बोलकी आहे. फारसीत तो वेतन आणि त्यासाठी लावून दिलेला वसूल या अर्थांनी चालला. मराठी दप्तरात तो गावाच्या ठरीव आकारणीचे नाव होऊन बसला. वेतन आणि वसूल यांच्यामधली भिंत शब्दातच पातळ झालेली होती. ‘शिबंदी’ या नावाची व्युत्पत्ती फारसीतील ‘तीन’ या संख्येशी जोडून तिमाही वेतनाशी लावली जाते. ती मान्य केल्यास वेतनाचा हप्ताच फौजेचे नाव झाला असे म्हणावे लागते. राज्यव्यवहारकोशाने १६७७ च्या सुमारास अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखणीने आपले जुने शब्द सोडले नाहीत.

१६८९ नंतर भिंत ढासळली. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीस गेले; खजिना नव्हता आणि शत्रू दारात होता. अशा वेळी सरदारांना मुलूख लावून देऊन त्यांच्याकडून फौज मागणे याखेरीज दुसरा मार्ग कोणता होता, हे टीकाकारांनी सांगितलेले नाही. सरंजामाची पद्धत रूढ झाली ती या निकडीतून. शिलेदारीत मध्यस्थाला रक्कम मिळे, सरंजामात रकमेचा झराच मिळू लागला. हा भेद मोठा आहे. रक्कम रोखून धरता येते, झरा परत मिळविण्यास युद्ध करावे लागते.

हुजुरास हे कळत नव्हते असे नाही. सरदारांच्या पदरी दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरकदार हुजुरातून नेमले जात आणि सरदाराला त्यांना परस्पर दूर करता येत नसे. फौजेची गणती घेण्याची रीतही होती. कल्पना उत्तम होती. वाटप बाहेर सोपवावे, पण लेखणी आपली ठेवावी. तथापि पुण्यापासून शेकडो कोस दूर, सरदाराच्या छावणीत वर्षानुवर्षे राहणारा कारकून कोणाचा म्हणायचा? अंतराने त्याचे उत्तर दिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या फौजांचा खरा आकडा पुण्यास ठाऊक असेलच, अशी खात्री राहिली नाही.

घरचे वाटप तरी निर्धोक होते काय? गारदी हे रोखीने पगार घेणारे पायदळ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी ते शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराचा गलका करीत, आणि नारायणराव पेशव्यांचा त्यांत खून झाला. कटाची सूत्रे अन्यत्र होती हे खरे, परंतु पगार थकलेला असल्यामुळेच ते निमित्त खपून गेले. ज्याच्याकडून वेतन मिळावयाचे, त्याच्याच दारी शिपाई जाणार, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने पगारासाठी धरलेल्या धरण्यांचे वर्णन केले आहे.

मध्यस्थीचे सर्वांत व्यवस्थित रूप महादजी शिंद्यांनी उभे केले. डी बॉयन या अधिकाऱ्याकडे त्यांनी कवायती पलटणी सोपविल्या आणि त्यांच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख जायदाद म्हणून लावून दिला. पगार वेळेवर मिळू लागला. त्या काळी ही असामान्य गोष्ट होती व या पलटणींची शिस्त पुष्कळ अंशी तीतूनच आली. मात्र तो वेळेवर देणारा हात शिंद्यांचा नव्हता. डी बॉयन १७९५ मध्ये गेला, पेराँ त्याच्या जागी आला. १८०३ मध्ये युद्ध पेटताच पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, इंग्रज वंशाच्या अधिकाऱ्यांपैकी अनेक कंपनीच्या जाहीरनाम्यानुसार सेवा सोडून गेले आणि ४ सप्टेंबर रोजी अलीगढचा किल्ला पडला. पलटणींतील शिपाई मात्र पुढेही लासवारीपर्यंत चिकाटीने लढले. ज्यांच्या हाती त्यांचा पगार होता ती माणसे आधी निघून गेली होती.

शिलेदारी मराठी राज्याबरोबर बुडाली नाही. इंग्रजांनी ती आपल्या घोडदळात उचलली. १८१७ च्या पुणे तहानंतर उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पथकांत स्वार आपल्या घोड्याची किंमत भरून ‘असामी’ मिळवी आणि ठोक वेतनातून स्वतःचा सरंजाम सांभाळी. शांततेच्या काळात सरकारला हा सौदा स्वस्त पडला. १९१४ च्या महायुद्धात पथके समुद्रापार गेली, घोडी भराभर मरू लागली, आणि फ्रान्स वा मेसोपोटेमियातील स्वाराने नवा घोडा कोठून विकत आणावा हे कोणालाच सांगता येईना. महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी रद्द झाली आणि घोडा पुन्हा सरकारचा झाला.