टॅब वर्गात आला, आता त्यातून करायचं काय?

यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, वणी. आपल्या जिल्ह्यात कुठेही जा, अनेक प्राथमिक शाळांत आता दोन-चार टॅब असतात. कुठे लोकवर्गणीतून घेतलेले, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले. उर्दू शाळाही याला अपवाद नाहीत. पण या टॅबचं पुढे होतं काय, ते आम्ही शिक्षक चांगलं ओळखून आहोत. एक तर ते कपाटात कुलूपबंद राहतात, कारण "फुटला तर भरून कोण देणार?" हा प्रश्न कोणालाच नको असतो. नाही तर त्यावर कवितेचा व्हिडिओ लावला जातो, चाळीस मुलं माना उंचावून बघतात आणि त्यालाच डिजिटल वर्ग म्हटलं जातं. आमच्या मते हा टीव्हीच झाला, फक्त छोटा. मूल स्वतः काही बनवू लागलं तरच टॅबचे पैसे वसूल होतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या छोट्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी टॅबवर वर्ग सुरू केला आणि ती शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून त्यामागे कविता, गोष्टी, स्वाध्याय ठेवले. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. 2017 मध्ये केंद्राचं 'दीक्षा' ॲप सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेला तो काळा-पांढरा चौकोन याच ॲपने उघडतो, आणि उर्दू माध्यमाच्या पुस्तकांवरही तो आहे. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळतात.

हे झालं तयार साहित्य. आता मुलांनी करायच्या गोष्टी.

सगळ्यात कामाची दोन साधनं टॅबमध्ये आधीपासूनच असतात: कॅमेरा आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय. दोन्हींना नेट लागत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला आपल्या जिल्ह्यात कापसासारखा दुसरा विषय नाही. शाळेजवळच्या शेतातलं एकच झाड ठरवायचं आणि दर आठवड्याला त्याच जागेवर उभं राहून त्याचा फोटो काढायचा. जूनची लागवड, पात्या, फुलं, बोंडं, दिवाळीच्या सुमारास फुटलेला कापूस, हे सगळे फोटो ओळीने लावले की झाडाची पूर्ण गोष्ट तयार. फूल उमललं की मात्र दोन दिवस लागोपाठ फोटो घ्यावा. पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर दिसणारं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेलं असतं. शेतकऱ्याच्या घरातली पोरंही दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर चकित होतात, आणि मग "असं का?" हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो.

याच विषयातून एक जड पण गरजेचा धडा निघतो. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. चौथी-पाचवीच्या मुलांना हे सांगता येतं. मुलं घरी विचारून येतात: फवारताना तोंडाला काय बांधता? वारा कुठल्या बाजूने असतो? रिकाम्या डब्याचं काय करता? मग गटाने एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा, एकदा उर्दूत, एकदा मराठीत, वर्गात बंजारा मूल असेल तर गोरमाटीतही. एका मिनिटात काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर मुलं भांडतात. लेखन शिकणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? असा व्हिडिओ पालक सभेत दाखवला तर बाप लोकही मोबाइल खाली ठेवून बघतात.

उर्दू शाळेपुरती अडचण वेगळी आहे, आणि ती टॅब बनवणाऱ्यांच्या डोक्यात नसते. आपली मुलं पुस्तकात नस्तालीक लिपी वाचतात. टॅबवर मात्र उर्दू बऱ्याचदा नस्ख वळणात दिसते. अक्षरं तीच, पण दुसरीतलं मूल अडखळतं आणि आपल्याला वाटतं त्याला वाचता येत नाही. नस्तालीक फॉन्ट टाकता येतो, पण तोवर थांबायचं कारण नाही. मुलांनी पाटीवर किंवा कागदावर आपल्या हाताने लिहावं, चित्र काढावं, त्याचा फोटो घ्यावा आणि त्यावर स्वतःचा आवाज भरावा. झालं गोष्टीचं पुस्तक. यात हस्ताक्षरही सुटत नाही.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' 2015 पासून आहे. त्यावर मराठी आणि उर्दू दोन्हींत चित्रपुस्तकं आहेत, परवाना खुला आहे, म्हणून उतरवून घ्यायला आणि छापायला कोणाची परवानगी लागत नाही. एकच पुस्तक दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी उघडा: एक उजवीकडून, एक डावीकडून. आमच्या अनुभवात मराठीची भीती जायला याच्याइतका सोपा रस्ता नाही. पुढची पायरी म्हणजे उर्दू गोष्ट मुलांनीच मराठीत सांगायची. चुकेल, चुकू द्या.

उच्चारासाठी बोलून टाइप करायची सोय वापरता येते. उर्दू बोलणाऱ्या मुलांना 'ळ' जड जातो. 'बाळ' म्हणायला गेलं आणि पडद्यावर 'बाल' उमटलं की मूल आपणहून पुन्हा म्हणतं, सर किंवा आपांनी टोकायची गरज राहत नाही. फक्त लक्षात ठेवा, हे यंत्र अंदाजाने शब्द बसवतं. कधी उच्चार बरोबर असूनही ते चुकीचं लिहितं, तेव्हा शिक्षकाने मुलाची बाजू घ्यावी.

पहिली-दुसरीसाठी 'स्क्रॅच ज्युनियर' फुकट आहे आणि एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं. त्यातल्या ठोकळ्यांवर बहुतेक चित्रंच असल्याने भाषेचा प्रश्न येत नाही. मांजर चालवता-चालवता पोरं क्रम लावायला शिकतात. गणितात अपूर्णांकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' चांगलं आहे, पण आधी भाकरी मोडून दाखवा, मग पडद्याकडे या.

टॅब कमी आहेत म्हणून रडू नये. पाच मुलांत एक पुरे. एकाने धरायचा, एकाने विचारायचं, एकाने वहीत लिहायचं, बाकीच्यांनी सामान आणायचं, आणि दर वेळी कामं बदलायची. मुद्दाम बघावं लागतं ते एवढंच की टॅब धरायचं काम दर वेळी मुलग्यांकडेच जात नाही ना. वीस मिनिटं झाली की टॅब बंद.

पालकांची काळजी खोटी नाही. 'असर'च्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांबद्दल दिलंय की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, तर सोशल मीडियासाठी 76 टक्क्यांनी. युनेस्कोनेही 2023 मध्ये बजावलंय की तंत्रज्ञान शिक्षकाची जागा घेण्यासाठी नाही. म्हणून शाळेच्या टॅबवर सोशल मीडिया नकोच. मुलांचे, खास करून मुलींचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी सवय लागली आहे, तीही थांबायला हवी. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर अम्मी-अब्बांची सही घेतली की सगळ्यांनाच मोकळं वाटतं.

आणि कपाटाची किल्ली? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, समितीत निम्म्या महिला असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारावं: टॅब किती, चालू किती, किल्ली कोणाकडे, आणि या महिन्यात मुलांनी त्यावर काय बनवलं ते दाखवा.