दगडाला मिळालेलं नाव

रामटेकला गेला नाही असा नागपूरकर सापडणं कठीण. गडमंदिराच्या पायऱ्या चढायच्या, अंबाळ्याचा तलाव पाहायचा, आषाढ असेल तर कालिदासाची आठवण काढायची, हा आपला ठरलेला क्रम. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत हिरिरीने मांडलं आणि आम्हा कवींची मोठीच सोय झाली. पण गेली काही वर्षं मी मित्रांना रामटेकच्या अलीकडे उतरायला सांगतो. कारण इथल्या इतिहासाचा निम्मा भाग पायऱ्यांवर नाही, आजूबाजूच्या टेकड्यांवर आणि खदानींत आहे.

पहिला मुक्काम मनसर. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर. तलावाच्या काठी एक टेकडी आहे, गावकरी तिला हिडिंबा टेकडी म्हणतात. चढ सोपा, पोराबाळांनाही जमेल असा. गेल्या शतकाच्या अखेरीस इथे उत्खनन सुरू झालं आणि मातीखालून विटांचं भव्य बांधकाम बाहेर आलं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींना इथे बौद्ध परंपरेचा, नागार्जुनाचा संबंध दिसतो. वाद पंडितांनी घालावा. आपण त्या विटांवर सकाळचं ऊन पडलेलं पाहावं. १९७२ मध्ये मनसरला सापडलेली देखणी शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जवळच्या नगरधनला २०१५ ते १८ या काळात उत्खनन झालं, तेव्हा प्रवरसेनाच्या आईची, राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली. दीड हजार वर्षांनंतरही राणीचं नाव वाचता येतं.

आता त्याच मनसरच्या शिवारातल्या काळ्या दगडाकडे वळू. हा दगड हातात घेतला की वजनाने चकित करतो आणि बोटं काळी करून सोडतो. हे मँगनीज. पोलादाला कणखरपणा देण्यासाठी ते लागतं. १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ नावाची ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि १९०० च्या सुमारास या भागात खोदकाम सुरू झालं. मनसर, कांद्री, पलीकडे भंडारा, बालाघाट. पहिल्या महायुद्धाच्या आधी जगाला मँगनीज पुरवणाऱ्या देशांत रशियाच्या जोडीला हिंदुस्थान होता, आणि त्यात आपल्या या पट्ट्याचा वाटा फार मोठा होता. उघड्या खड्ड्यांत उतरून पहार-घणाने दगड फोडायचा, हाताने निवडायचा, टोपल्यांतून डोक्यावर वाहायचा. स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये, या खदानी ‘मँगनीज ओअर इंडिया’कडे आल्या आणि १९७७ मध्ये ती कंपनी पूर्णपणे सरकारी झाली. तिलाच आज आपण ‘मॉइल’ म्हणतो.

ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांची नावं कुठे आहेत? ताम्रपटावर नाहीत, मुद्रेवर नाहीत. पण एक गंमत झाली. भूगर्भशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून झालेला जो खडक इथे मँगनीजच्या सोबतीने आढळतो, त्याला त्यांनी नाव दिलं ‘गोंडाइट’. या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंडांवरून! पुढे जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव गेलं. मी कामठीचा. आमच्या गावाचं नावही तांबड्या वालुकाश्माच्या एका थराला मिळालेलं आहे, पण त्याचा अभिमान वाटण्याआधी मला गोंडाइट आठवतो. गावाचं नाव दगडाला देणं सोपं असतं. तिथल्या माणसांचं नाव देणारा क्वचित भेटतो. अर्थात पुस्तकात नाव गेलं म्हणून टोपलीचं ओझं हलकं झालं नाही, हेही खरं.

आणि धातूची ही विद्या काही साहेबाने आणलेली नाही. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड आहे. १९७८ ते ८० दरम्यान शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा लोखंड वितळवण्याची विटांची भट्टी सापडली. हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाचा मळही मिळाला. काळ इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचा, म्हणजे वाकाटकांच्याही हजार वर्षं आधीचा. या लोकांनी आपल्या मृतांभोवती मोठे दगड रचून वर्तुळं केली. तशी सुमारे तीनशे वर्तुळं नागपूरजवळ, काटोल रस्त्यावर जुनापाणीला आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यांतली काही उकरून पाहिली होती. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. ती एखादी भाषा असेल तर आपण तिच्यापुढे निरक्षर आहोत.

चिंता एवढीच की ही वर्तुळं साध्या दगडांची आहेत. त्यांवर कळस नाही, मूर्ती नाही. शेताचा बांध, रस्त्याची खडी, घराचा पाया, कशालाही ते दगड चालतात, आणि विदर्भातली कितीतरी वर्तुळं अशीच गेली. देवळाची वीट कुणी उचलली तर गाव धावून येतो. इथे धावून येणारा कोणी नसतो, कारण तिथे काही आहे हेच शेजाऱ्याला ठाऊक नसतं.

म्हणून थंडीत एखादा रविवार काढा. पाणी, टोपी सोबत घ्या. चालू खदानीत परवानगीशिवाय जाऊ नका. जुन्या, पाणी साचलेल्या खड्ड्यांच्या काठावर मुलांना तर मुळीच नेऊ नका, कडा ठिसूळ असतात. दगड उचलून घरी आणू नका. मुलांना मात्र तो हातात घेऊ द्या, त्यांची बोटं काळी होऊ द्या. आणि राणीचं नाव सांगाल तेव्हा या दगडाचंही नाव सांगा.